कारणाला बगल : पर्यावरण-आंदोलनांविषयीची शासकीय भाषा

शासन आणि पर्यावरण-आंदोलने यांच्यातील संघर्षाचा विचार बहुधा धोरण, कायदा आणि आकडेवारी यांच्या अंगाने केला जातो. भाषेकडे लक्ष गेलेच तर ते कठोर शब्दांकडे जाते. 'विकासविरोधी', 'परकीय हस्तक', 'शहरी नक्षलवादी' अशी विशेषणे गोळा केली जातात, त्यांचा निषेध नोंदवला जातो आणि अभ्यास तेथेच थांबतो. वस्तुतः शासकीय भाषेचे सामर्थ्य तिच्या मृदू शब्दांत अधिक असते. 'गैरसमज', 'लोकभावना', 'मोबदला', 'सुनावणी' या शब्दांत अवमान नाही. उलट एक प्रकारचे पालकत्व आहे. मात्र आंदोलकाने पुढे केलेल्या कारणाला उत्तर देण्याची जबाबदारी हे शब्द ज्या सहजतेने दूर सारतात, ती सहजता कठोर विशेषणांना साधत नाही. आंदोलक कोण आहे, त्याला काय वाटते, त्याला किती द्यावे लागेल, या तीन प्रश्नांची चर्चा शासकीय भाषा तपशिलाने करते. तो काय म्हणतो आहे आणि ते खरे आहे की खोटे, हा प्रश्न मात्र तिच्या व्याकरणातच बसत नाही.

बंगळूरच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट ही वसाहत या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. होसूर-सर्जापूर रोड या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले हे नाव मुळातच प्रशासकीय आहे. त्यात गाव नाही, तळे नाही, केवळ रस्ते आहेत. बंगळूर विकास प्राधिकरणाने भूसंपादन करून आखलेल्या या वसाहतीला सेक्टरांचे क्रमांक मिळाले. तरीही आगर, सोमसुंदरपाळ्य, हरळूकुंटे ही जुनी नावे पुसली गेली नाहीत. 'कुंटे' म्हणजे कन्नडमध्ये लहान तळे. मडिवाळ तळ्याचे पाणी आगर तळ्यात, आगरचे बेळ्ळंदूरमध्ये आणि बेळ्ळंदूरचे वर्तूरमध्ये जाते. या तळ्यांना जोडणाऱ्या प्रवाहाला कन्नडमध्ये 'राजकालुवे' म्हणतात. मराठीतील 'कालवा' या शब्दाचे 'कालुवे'शी असलेले नाते उघड आहे. 'राज' या पूर्वपदामुळे त्याला मुख्य, राखण्याजोगा प्रवाह असा अर्थ प्राप्त होतो. महापालिकेच्या इंग्रजी कागदपत्रांत मात्र हाच प्रवाह 'स्टॉर्म वॉटर ड्रेन' झाला, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे गटार. कालव्याला काठ असतो, त्याची देखभाल होते. गटारावर झाकण टाकता येते, ते वळवता येते, बुजवताही येते. वादाच्या कितीतरी आधी झालेल्या या नामांतराने वादाची निम्मी बाजू निकालात काढली होती.

वाद उभा राहिला तो आगर आणि बेळ्ळंदूर या दोन तळ्यांच्या मधल्या जमिनीवरून. राज्याच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने ही जमीन मोठ्या बांधकाम प्रकल्पांना दिली होती. २०१४ मध्ये काही नागरी संस्थांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. त्यांचे म्हणणे नेमके होते : या जमिनीतून पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात जाते, ती बुजवली तर वरच्या बाजूस पूर येईल आणि खालचे तळे मरेल. ४ मे २०१६ च्या निर्णयात लवादाने तळ्यांभोवती ७५ मीटरचा आणि प्रवाहांभोवती त्यांच्या दर्जानुसार ५०, ३५ व २५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचा आदेश संपूर्ण शहरासाठी दिला. विकास आराखड्यात तळ्यांसाठी हा पट्टा ३० मीटरचा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने वाढीव पट्ट्याचा आदेश रद्द केला. वैधानिक आराखडा बदलण्याचा अधिकार लवादाला नाही, हे त्याचे कारण. विशिष्ट प्रकल्पांवरील निर्बंध न्यायालयाने कायम ठेवले, हे येथे नमूद केले पाहिजे. अधिकाराच्या प्रश्नावरील हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय आहे, हेही मान्य करावे लागते. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. तळ्याला जगण्यासाठी किती मोकळी जमीन लागते, या प्रश्नाचे रूपांतर वाटेत कोठेतरी आराखड्यात किती लिहिले आहे या प्रश्नात झाले. दरम्यान फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्ये बेळ्ळंदूर तळ्यावर आग लागली.

अशा नागरी आंदोलनांविषयी सत्तेच्या परिभाषेत एक विशेषण कायमचे ठरून गेलेले आहे : सुखवस्तू. मोटारी बाळगणारे, वातानुकूलित कचेऱ्यांत काम करणारे, मूठभर लोक. या आरोपात तथ्य मुळीच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एचएसआर लेआउटमधील रहिवाशांची घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती जमीनही कोणा शेतकऱ्याकडून अधिसूचनेनेच घेतलेली आहे. कचऱ्याचा प्रश्न घेतला तर ही गुंतागुंत अधिक स्पष्ट होते. शहराचा कचरा वर्षानुवर्षे मंडूर गावाजवळ टाकला जात होता; तेथील ग्रामस्थांच्या आंदोलनामुळे २०१४ च्या अखेरीस तो बंद करावा लागला आणि शहरातील प्रक्रिया-केंद्रांवरचा भार वाढला. सोमसुंदरपाळ्य परिसरातील कर्नाटक कंपोस्ट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना त्यांपैकी एक. तेथील दुर्गंधीविरुद्ध एचएसआरचे रहिवासी रस्त्यावर आले, तेव्हा आपला कचरा दुसऱ्याच्या दारात का, हा प्रश्न त्यांनाही विचारता येत होता. परंतु हा प्रश्न विचारला गेल्याने दुर्गंधीविषयीचे त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही. मंडूरच्या शेतकऱ्याची आणि एचएसआरच्या संगणक अभियंत्याची तक्रार मुळात एकच होती : न वेगळा केलेला ओला-सुका कचरा एका जागी साचवला की तो कुजतो आणि पाणी-हवा नासवतो. शासकीय भाषेने या दोघांना परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले. त्यांची साक्ष एकमेकांना पुष्टी देणारी आहे, हे त्या भाषेत मांडताच येत नव्हते.

शहरी आंदोलकाला त्याची सुबत्ता नडते, तर ग्रामीण आंदोलकाला त्याचे अज्ञान. एक फार सुखी म्हणून अपात्र, दुसरा फार साधा म्हणून. या दुसऱ्या टोकासाठी मराठी वाचकाला रत्नागिरी जिल्ह्यापलीकडे जाण्याचे कारण नाही. जैतापूर येथील ९,९०० मेगावॉटच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पाला माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि साखरी नाटे या गावांतून जो विरोध झाला, त्याला शासनाकडून मिळालेल्या उत्तरात 'गैरसमज' हा शब्द केंद्रस्थानी होता. गैरसमज दूर करू, शंकांचे निरसन करू, लोकांना विश्वासात घेऊ, ही त्या काळातील वक्तव्यांची ठरीव घडण. या तिन्ही क्रियापदांचा कर्ता शासन आहे आणि ग्रामस्थ हे त्यांचे कर्म. ग्रामस्थ 'जाणतो' असे एकही वाक्य या भाषेत तयार होत नाही. साखरी नाट्याच्या मच्छीमारांचा मुद्दा तर अगदी साधा होता : प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने खाडीच्या तोंडाशी मासळी राहणार नाही. हा समज आहे की गैरसमज, हे ठरवण्यासाठी मासळीविषयी बोलावे लागले असते. समज चुकीचा आहे हे आधीच गृहीत धरल्यावर उरते ती फक्त समजूत काढण्याची प्रक्रिया. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथील गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. जपानमधील फुकुशिमाची दुर्घटना त्यापूर्वी जेमतेम पाच आठवड्यांवर घडलेली होती.

'सुनावणी' या शब्दाचे उदाहरण याच मालिकेतील. पर्यावरणविषयक परवानगीच्या प्रक्रियेत 'जनसुनावणी' हा टप्पा असतो. माडबनला ती मे २०१० मध्ये झाली. मराठीत शिक्षा सुनावतात, खडे बोल सुनावतात. सुनावणारा वरचा असतो आणि ऐकणारा खालचा. जनसुनावणीत जनांनी सुनवायचे की जनांना सुनवायचे, हे शब्दावरून निश्चित होत नाही आणि प्रत्यक्ष व्यवहारातही ते पुष्कळदा अनिश्चितच राहते. शिवाय २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार स्थानिक भाषेत मिळण्याची हमी आहे ती अहवालाच्या सारांशाची. ज्या मूळ अहवालावर आक्षेप घ्यायचा, तो शेकडो पृष्ठांचा आणि इंग्रजीत.

अज्ञानाच्या या कल्पनेतून दुसरी एक व्यक्तिरेखा अपरिहार्यपणे निर्माण होते. साधाभोळा ग्रामस्थ स्वतःहून विरोध करणार नाही. मग कोणीतरी त्याची दिशाभूल केली असली पाहिजे. हा दिशाभूल करणारा म्हणजे 'बाहेरचा'. जैतापूरच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यावरदेखील जिल्ह्यात प्रवेश करण्यास मनाई करणारा आदेश बजावला गेला. ही व्यक्तिरेखा नवी नाही. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहातही मावळे शांत आहेत आणि पुण्याचे पुढारी त्यांना चिथावतात, असाच सूर लागलेला होता. त्या पेट्यात पुण्याच्या सावकारांच्या जमिनी होत्या आणि त्यांचे हितसंबंध सत्याग्रहात मिसळलेले होते, हे राजेंद्र व्होरा यांच्या संशोधनातून पुरेसे स्पष्ट झालेले आहे. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या निष्ठेला त्याने बाध येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाहेरचा माणूस सांगतो म्हणून भातजमीन पाण्याखाली जायची थांबत नाही. प्रकल्पाचे भांडवल, तंत्रज्ञान, अभियंते हे सारे बाहेरचेच असतात; जैतापूरच्या अणुभट्ट्या तर फ्रान्सच्या होत्या. त्यांना 'बाहेरचे' म्हणण्याची रीत नाही.

काळाच्या ओघात या बाहेरच्याची सीमा जिल्ह्यावरून देशापर्यंत सरकली. २०१२ मध्ये कूडनकुळम येथील आंदोलनाच्या संदर्भात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी 'सायन्स' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत अमेरिका व स्कॅन्डिनेव्हियन देशांतील संस्थांकडे बोट दाखवले. जून २०१४ मध्ये उघड झालेल्या गुप्तचर विभागाच्या अहवालाने अशा संस्थांमुळे देशाच्या आर्थिक वाढीत दरसाल २ ते ३ टक्क्यांची घट होते, असा हिशेब मांडला. सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पर्यावरणमंत्र्यांच्या परिषदेत सरदार सरोवराच्या विलंबाचे खापर 'शहरी नक्षलवाद्यां'वर फोडले. दोन परस्परविरोधी पक्षांच्या पंतप्रधानांची भाषा या एका बिंदूपाशी एकत्र यावी, ही बाब पक्षनिष्ठ चर्चेत सहसा दुर्लक्षिली जाते.

शब्दघटनेच्या अंगाने पाहता दोन प्रत्ययसदृश पदांचा विचार येथे आवश्यक आहे. पहिले 'ग्रस्त'. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त या शब्दांच्या रांगेत मराठीने 'धरणग्रस्त' आणि 'प्रकल्पग्रस्त' हे शब्द बसवले. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. पंचांगातील ग्रस्तोदयात ग्रहण लागलेलेच बिंब उगवते. धरणाखाली गेलेल्या गावाला हा शब्द भीषण अर्थाने चपखल आहे. पण पूर आणि भूकंप यांना कर्ता नसतो, तसाच या शब्दामुळे धरणालाही तो उरत नाही. धरण कोणी ठरवले, कोणासाठी, कोणत्या पर्यायांना नाकारून, हे प्रश्न 'ग्रस्त' या पदात विरघळून जातात आणि शासन आपत्तीनंतर मदतीस धावणाऱ्याच्या भूमिकेत येते. कायद्याच्या भाषेतही असाच प्रवास दिसतो. १९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात 'विस्थापित' होते. १९८६ च्या आणि पुढे १९९९ च्या कायद्यांत 'बाधित' आले. विस्थापित या शब्दात कोणीतरी स्थान हिरावल्याची जाणीव आहे. बाधा मात्र कशाचीही होते. एक गोष्ट मात्र शासनाच्या बाजूने नोंदवली पाहिजे. 'बाधित' ही संज्ञा अधिक व्यापक असल्याने पुनर्वसनाचे हक्क अधिक लोकांपर्यंत पोचू शकले. आणि 'धरणग्रस्त' हा शब्द तर आंदोलनांनीच आपलासा केला. बाबा आढाव, भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखालील संघटनांनी त्याला लाचारीतून बाहेर काढून हक्काचा शब्द बनवले. 'आधी पुनर्वसन, मग धरण' या घोषणेत गिळला जाणारा माणूस क्रम ठरवतो आहे. तथापि त्या घोषणेतही 'मग धरण' आहेच, हे विसरता येत नाही.

दुसरे पद 'जीवी'. श्रमजीवी, बुद्धिजीवी हे शब्द प्रतिष्ठेचे. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी शेतकरी आंदोलनाच्या संदर्भात राज्यसभेत उच्चारलेला 'आंदोलनजीवी' हा शब्द त्याच साच्यातला. मात्र त्याच भाषणात 'परजीवी'शी त्याचा सांधा जोडला गेला आणि साच्याचा अर्थ उलटला. हिंदी भाषणातील हा शब्द संस्कृत घडणीमुळे मराठीत विनासायास रुळला. त्याचे कार्य साधे आहे : आंदोलकाला आंदोलनाचे कारण नसते, आंदोलन हाच त्याचा चरितार्थ असतो. पाचच दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, बंगळूरमधील तरुण हवामान-कार्यकर्ती दिशा रवी हिला दिल्ली पोलिसांनी त्याच आंदोलनाशी संबंधित एका दस्तऐवजावरून अटक केली. २३ फेब्रुवारीला तिला जामीन देताना न्यायालयाने पुरावा तोकडा असल्याचे स्पष्ट केले.

ती ज्या गटाशी संबंधित होती, त्याचा आधीचा अनुभव येथे अधिक बोलका आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवल्या. मसुदा हिंदी व इंग्रजीत होता. तो इतर भारतीय भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जूनअखेर सांगितले. त्याचे पालन न झाल्याने बंगळूरच्या एका संस्थेच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये अंतिम अधिसूचनेला अंतरिम मनाई केली. केवळ हिंदी-इंग्रजीचे बंधन असल्याची केंद्राची बाजू होती. म्हणजे जैतापूरच्या ग्रामस्थाला गैरसमजासाठी दोष द्यायचा आणि समजण्याची भाषा मात्र कायद्याने बंधनकारक नाही, असे म्हणायचे. दरम्यान हजारो तरुणांनी पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्याकडे ईमेलने हरकती पाठवल्या. शासनाने मागवलेल्या, शासनाने दिलेल्या मुदतीत पाठवलेल्या या हरकती. त्यांच्या संख्येविषयी मंत्र्यांकडून तक्रार झाली आणि दिल्ली पोलिसांनी संबंधित संकेतस्थळ बंद करण्यासाठी दहशतवादविरोधी कायद्याचा उल्लेख असलेली नोटीस काढली. ती नजरचुकीने गेली, असे सांगून पुढे मागे घेण्यात आली. आंदोलकांनी घोषणा सोडून लेखी कारणे दिली, त्या वेळी ती कारणे म्हणून वाचली न जाता उपद्रव म्हणून मोजली गेली.

बंगळूरमध्ये २०२१ च्या पोलीस आदेशानुसार निदर्शने फ्रीडम पार्कपुरती मर्यादित करण्यात आली, याचा उल्लेख ओघाने येतो. जुन्या मध्यवर्ती कारागृहाच्या जागेवरील ही बाग आगर तळ्यापासून कित्येक किलोमीटर दूर आहे. तळ्यासाठी उभे राहायचे, पण तळ्याकाठी नाही.

आंदोलनाला यश येते, त्या वेळी तरी कारणाची दखल घेतली जाते काय? बंगळूरमधील ६.७ किलोमीटर लांबीच्या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध १६ ऑक्टोबर २०१६ रोजी नागरिकांनी मानवी साखळी केली. ८०० हून अधिक झाडे तोडली जाणार, हा त्यांचा प्रमुख मुद्दा. २ मार्च २०१७ रोजी प्रकल्प रद्द झाला, तो लाचखोरीच्या आरोपांमुळे शासनाची प्रतिमा मलिन होते असे सांगून. झाडांचा मुद्दा बरोबर होता, असे शासनाने म्हटले नाही. योगायोगाने २ मार्च याच तारखेला, २०१९ मध्ये, नाणार तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादन-अधिसूचना महाराष्ट्र शासनाने रद्द केली. निवडणूक तोंडावर होती, युती नुकतीच जुळली होती. आणि जाहीर केलेले कारण होते स्थानिकांचा विरोध, म्हणजे रूढ शब्दांत 'लोकभावना'. हा शब्द सन्मानाचा वाटतो. परंतु भावनेचा आदर करता येतो, तिला उत्तर देता येत नाही. ती आज आहे, उद्या बदलू शकते, बदलवता येऊ शकते. आंबा, काजू, मासळी आणि पाणी यांविषयीचा हिशेब भावना ठरला की प्रकल्प चूक ठरत नाही, त्याची जागा तेवढी गैरसोयीची ठरते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजना'ची घोषणा हाच त्याचा निर्णायक पुरावा मानला जाई; जमीनमालकाला प्रत्यक्षात बोलता येई ते मुख्यतः किमतीपुरते. तो कायदा २०१४ च्या आरंभी संपला, पण त्याने घडवलेली बोलण्याची सवय टिकून आहे. जैतापूरच्या प्रश्नावर २०१३ मध्ये शासनाने दिलेले ठोस उत्तर होते हेक्टरी साडेबावीस लाख रुपये.

नाणारहून हा प्रकल्प काही अंतरावरील बारसूकडे सरकला. तेथील सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पे आहेत. सडा हा शब्द कोकणी माणसाच्या बोलण्यात गुरे चारण्याची, पावसाळ्यात पाणी जिरण्याची, गवताची जागा सुचवतो. महसुली भाषेत त्याला 'पडीक' किंवा 'पोटखराबा' म्हणतात. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसू येथे सुमारे १३,००० एकर जमीन सुचवली आणि तीतील बहुतांश जमीन पडीक असल्याचे नमूद केले. त्याच वर्षी भारताने जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील कातळशिल्पांची स्थळे समाविष्ट केली. बारसू त्यांपैकी एक होते. एप्रिल २०२३ मध्ये नव्या सरकारने पोलीस बंदोबस्तात तेथे माती-परीक्षण सुरू केले, स्त्री-पुरुषांना ताब्यात घेतले, अश्रुधूर सोडला. आणि विरोधक बाहेरचे आहेत, हे वाक्य पुन्हा ऐकू आले. मे महिन्याच्या आरंभी ठाकरे बारसूला गेले आणि आंदोलकांच्या बाजूने बोलले. पत्रातील 'पडीक' हा शब्द मुख्यमंत्रिपदाच्या खुर्चीतून लिहिलेला होता. सड्यावर ते उभे राहिले, तेव्हा ती खुर्ची दुसऱ्याकडे गेलेली होती.